आठ किलोमीटरचा पॉगसन

आकाशात पॉगसन नावाचा एक दगड फिरतोय. आकार जेमतेम आठ किलोमीटर. म्हणजे आसनगावला कसारा लोकल पकडली तर आटगाव यायच्या सुमारास संपेल एवढा. मंगळ आणि गुरू यांच्यामध्ये लघुग्रहांचा जो भलामोठा पट्टा आहे, त्याच्या आतल्या बाजूला, मंगळाच्या शेजारात याचा मुक्काम. सूर्याभोवती एक फेरी मारायला त्याला साधारण सव्वातीन वर्षं लागतात. डिग्री आणि वर एखादी एटीकेटी, असा हिशोब धरा. अनुक्रमांक 1830. जात दगडी, कुटुंब फ्लोरा.

त्या पट्ट्यात असे लाखो दगड आहेत, मग याचंच काय एवढं? तर हे नाव ज्या माणसाचं आहे, तो तुमच्या मोबाइलमध्येही आहे. आकाश दाखवणारं कुठलंही अ‍ॅप उघडा आणि एखाद्या ताऱ्यावर बोट ठेवा. नावाखाली एक आकडा येतो. व्याधाला उणे 1.46, ध्रुवताऱ्याला साधारण 2. हा आकडा म्हणजे ताऱ्याची प्रत, त्याच्या चमकण्याचं माप. हे माप आज ज्या फूटपट्टीने मोजतात ती नॉर्मन रॉबर्ट पॉगसनने 1856 मध्ये आखून दिली. त्यानंतर पाच वर्षांनी तो भारतात आला आणि शेवटपर्यंत इथेच राहिला.

लेसच्या गावातला मुलगा

पॉगसनचा जन्म 23 मार्च 1829 चा, इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमचा. मोजे आणि लेस यांच्या कारखान्यांसाठी हे शहर प्रसिद्ध होतं. वडील याच धंद्यातले. मुलाने हिशोब शिकावेत आणि धंद्याला लागावं, अशी घरची साधी अपेक्षा. मुलगा हिशोबात हुशार निघालाही, फक्त हिशोब भलतेच करायला लागला. अठराव्या वर्षी त्याने दोन धूमकेतूंच्या कक्षा काढल्या होत्या. विद्यापीठाची पदवी नाही, मागे कुणी मोठं नाव नाही, हातात कागद-पेन्सिल आणि लॉगॅरिथमची कोष्टकं.

त्याला वाट दाखवली जॉन रसेल हिंद याने. हिंदही नॉटिंगहॅमचाच, वयाने थोडा मोठा, आणि तोवर लंडनमध्ये नाव कमावलेला. 1847 या एकाच वर्षात त्याने आयरिस आणि फ्लोरा हे दोन लघुग्रह शोधले होते. गावचा एखादा दादा मुंबईत नोकरीला लागतो आणि मग गावच्या पोरांना एकेक करून तिकडे ओढतो, तसाच हा प्रकार. 1851 मध्ये पॉगसन लंडनच्या त्याच खासगी वेधशाळेत कामाला लागला आणि पुढच्याच वर्षी ऑक्सफर्डच्या रॅडक्लिफ वेधशाळेत सहायक झाला.

तेव्हा लघुग्रह शोधायचे कसे, हे समजून घ्यायला हवं. फोटो नव्हते, कॉम्प्युटर नव्हता. आकाशाच्या एका छोट्या तुकड्याचा नकाशा घ्यायचा, दुर्बिणीतून तोच तुकडा पाहायचा आणि एकेक तारा जुळवत जायचं. नकाशात नसलेला ठिपका दिसला की त्याची जागा टिपून ठेवायची. दुसऱ्या रात्री तो ठिपका सरकला असेल तर तो तारा नाही. बहुतेक रात्री काहीच सरकत नाही. काही रात्री ढगच येतात. 1 जानेवारी 1801 ला पहिला लघुग्रह सेरेस सापडला, 1807 पर्यंत एकूण चार झाले, आणि पाचवा सापडायला थेट 1845 उजाडलं. म्हणजे मधल्या 38 वर्षांत एकही नाही!

पॉगसनला पहिला सापडला 23 मे 1856 च्या रात्री. त्याचं नाव ठेवलं आयसिस. ऑक्सफर्डमधून वाहणाऱ्या थेम्स नदीला तिथे आयसिस म्हणतात. शिवाय पॉगसनच्या जवळपास चार वर्षांच्या मुलीच्या नावातही आयसिस होतं, एलिझाबेथ आयसिस. या मुलीकडे आपल्याला पुन्हा यायचं आहे.

2.512

ज्या कामासाठी पॉगसनचं नाव राहिलं, ते खरं तर लघुग्रहांसाठीच केलेलं एक बाजूचं काम होतं.

ताऱ्यांचे वर्ग पाडायची पद्धत फार जुनी, ग्रीकांच्या काळापासूनची. सगळ्यात ठळक तारे पहिल्या प्रतीचे आणि डोळ्यांना जेमतेम दिसणारे सहाव्या प्रतीचे. पण हे सगळं अंदाजपंचे. एका माणसाचा चौथ्या प्रतीचा तारा दुसऱ्याला साडेचार वाटायचा. दुर्बिणी आल्यावर सहाव्याच्या पलीकडचे तारे दिसायला लागले आणि गोंधळ आणखी वाढला. दुर्बिणीतला अमुक तारा कुणी दहाव्या प्रतीचा म्हणायचा तर कुणी बाराव्या.

ताऱ्यांचं एक वेळ चालून जातं, कारण ते जागच्या जागी असतात. लघुग्रहाचं तसं नाही. तो पृथ्वीजवळ येतो तेव्हा उजळतो, लांब गेला की मंदावतो. पुढच्या मार्चमध्ये तो किती मंद असेल, हे आधी माहीत नसेल तर आपल्या दुर्बिणीतून दिसेल की नाही हेच कळत नाही, आणि एकदा सापडलेला लघुग्रह हरवून बसतो. पॉगसनने 36 लघुग्रहांसाठी 1857 सालच्या प्रत्येक महिन्याच्या पहिल्या तारखेच्या प्रतींचं कोष्टक तयार केलं. ते करताना त्याला पक्कं गणित लागणार होतं.

पहिल्या प्रतीचा तारा सहाव्या प्रतीच्या ताऱ्यापेक्षा सुमारे शंभर पट तेजस्वी असतो, हे मोजमापांतून दिसत होतं. पॉगसनने ते सुमारे काढून टाकलं. पाच पायऱ्या म्हणजे बरोब्बर शंभर पट, असं धरून चालूया, असं त्याने सुचवलं. मग एक पायरी किती? जी संख्या पाच वेळा स्वतःशी गुणली की शंभर येते, तेवढी. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर करून बघा, 2.512 च्या आसपास येते. लॉगॅरिथम वापरणाऱ्यांसाठी ती आणखी सोयीची, कारण तिचा लॉग बरोबर 0.4. म्हणजे निवड करतानाही त्याने आपल्यासारख्याच कोष्टकं घेऊन बसणाऱ्या माणसाचा विचार केला होता.

ही फूटपट्टी लगेच कुणी डोक्यावर घेतली नाही. जगभरच्या वेधशाळांत ती रुळायला काही दशकं गेली. तोवर हा माणूस पार मद्रासला जाऊन बसला होता.

मद्रास टाइम

मद्रासच्या नुंगमबाक्कममध्ये ईस्ट इंडिया कंपनीने 1792 मध्ये वेधशाळा बांधली होती. पॉगसनच्या आधी तिथे काही वर्षं कॅप्टन जेकब हे सरकारी खगोलशास्त्रज्ञ होते. आपल्यासाठी त्यांची गोष्ट जवळची आहे, कारण त्यांनी 1842 मध्ये पुण्यात स्वतःची छोटी वेधशाळा थाटली होती. मद्रासची नोकरी सोडल्यावर सह्याद्रीत पुण्याजवळच्या डोंगरावर, स्वच्छ हवेत दुर्बीण लावायची त्यांची योजना होती. त्यासाठी ते 1862 च्या ऑगस्टमध्ये परत आले आणि पोचल्यावर थोड्याच दिवसांत पुण्यात वारले. सह्याद्रीवरची ती वेधशाळा राहूनच गेली. सिद्धगडावर किंवा माहुलीवर अमावस्येला रात्र काढलेल्या कुणालाही ही हळहळ समजेल.

पॉगसनची नेमणूक ऑक्टोबर 1860 मध्ये झाली आणि 1861 च्या फेब्रुवारीत तो मद्रासला पोचला. त्याच सुमारास आपल्याकडे आगगाडी नुकती कुठे कसाऱ्यापर्यंत आली होती. थळ घाट अजून फोडायचाच होता. (मुरबाडकर तर रेल्वेची वाट अजून पाहतायत, पण तो विषय वेगळा.)

वेधशाळेतली उपकरणं जुनी होती. नवी यायला वेळ होता. दुसरा कुणी असता तर त्याने आधी सरकारला लांबलचक पत्र लिहिलं असतं. पॉगसनने आहे त्या दुर्बिणीने आकाश चाळायला सुरुवात केली आणि 17 एप्रिल 1861 ला त्याला सरकणारा ठिपका दिसला. येऊन पुरते तीन महिनेही झाले नव्हते! तोपर्यंतचे सगळे लघुग्रह युरोप-अमेरिकेत सापडले होते. आशिया खंडातून सापडलेला हा पहिला, म्हणून त्याचं नाव ठेवलं आशिया. त्याचा क्रमांक 67. तोही दगडी, तोही पट्ट्याच्या आतल्या भागातला, साधारण 60 किलोमीटरचा. कल्याण ते कसारा रुळांपेक्षा थोडा कमीच.

पुढे मद्रासहून त्याने सॅफो, सिल्व्हिया, कॅमिला आणि व्हेरा शोधले. आयसिसनंतर इंग्लंडमध्ये सापडलेले एरियाडनी आणि हेस्टिया धरले तर आयुष्यभरात एकूण आठ. यातल्या सिल्व्हियाला दोन चिमुकले चंद्र असल्याचं 2005 मध्ये जाहीर झालं. दोन चंद्र असलेला तो पहिलाच माहीत झालेला लघुग्रह.

पण सरकार त्याला पगार लघुग्रहांसाठी देत नव्हतं. वेधशाळेचं रोजचं काम होतं वेळ सांगायचं. तारे नेमके कधी डोक्यावरून जातात ते पाहायचं, त्यावर घड्याळ लावायचं आणि ती वेळ तारेने पाठवायची. 1870 च्या दशकात देशभरातल्या रेल्वेने हाच मद्रास टाइम धरला. मुंबई शहराची स्वतःची वेळ त्याच्या अर्धा तास मागे. म्हणजे गावातल्या घड्याळात साडेनऊ वाजले असताना स्टेशनातल्या घड्याळात दहा झालेले असायचे. लोकल चुकल्यावर घड्याळाला दोष द्यायची सोय तेव्हा खरोखरच होती. 1881 मध्ये मुंबईवर मद्रासची वेळ लादायचा प्रयत्न झाला तेव्हा लोक एवढे चिडले की दोन वर्षांत तो मागे घ्यावा लागला. कसाऱ्याच्या गाडीचं वेळापत्रक आणि नुंगमबाक्कममध्ये ताऱ्याकडे डोळा लावून बसलेला पॉगसन यांचा संबंध तो असा.

या कामात तो एकटा नव्हता. चिंतामणी रघुनाथाचारी हे वेधशाळेतले मुख्य सहायक. त्यांनी 1867 मध्ये दक्षिण आकाशातला एक रूपविकारी तारा, म्हणजे तेज कमी-जास्त होणारा तारा, शोधला. आपली पंचांगं प्रत्यक्ष आकाशाशी जुळत नाहीत, ती सुधारली पाहिजेत, म्हणून त्यांनी स्वतः पंचांग काढलं. 1874 च्या शुक्राच्या अधिक्रमणाबद्दल सामान्य लोकांसाठी पुस्तिका लिहिली. 1872 मध्ये ते लंडनच्या रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचे फेलो झाले, असा मान मिळालेले पहिले भारतीय. त्यांच्या हाताखाली रात्र रात्र आकडे टिपणारे जे इतर मदतनीस होते, त्यांची मात्र ओळख उरलेली नाही.

पिवळी रेषा आणि एक तार

18 ऑगस्ट 1868. खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा कोकणातून शिरून जमखंडी, गुंटूर, मछलीपट्टणम असा भारत ओलांडून गेला. विजयदुर्गला दरवर्षी या तारखेला हेलियमचा दिवस साजरा होतो आणि किल्ल्यावर लॉकियर नावाच्या साहेबाने हेलियम शोधला, अशी गोष्ट आपण शाळेपासून ऐकतो. गोष्ट छान आहे, पण नॉर्मन लॉकियर त्या दिवशी इंग्लंडमध्ये होता. त्याने सूर्याच्या कडेच्या ज्वाळांचा वर्णपट पाहिला तो ऑक्टोबरमध्ये, ग्रहण नसताना, तिथूनच. ग्रहणाच्या पट्ट्यात प्रत्यक्ष उभे असलेल्यांमध्ये गुंटूरला फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन होता, जमखंडीला लेफ्टनंट जॉन हर्शेल, आणि मछलीपट्टणमला पॉगसन. नॉर्मन दोन झाले, म्हणून घोळ घालू नका.

त्या काही मिनिटांत पॉगसनला वर्णपटात एक झळझळीत पिवळी रेषा दिसली. सोडियमची रेषा जिथे असते तिच्या जवळ, पण नेमकी तिथेच आहे असं वाटत नव्हतं. त्याने ते लिहून ठेवलं. ती रेषा पृथ्वीवर तोवर माहीत नसलेल्या मूलद्रव्याची होती, ज्याला नंतर हेलियम म्हटलं गेलं. पण पॉगसनचा अहवाल मद्रासमध्ये छापला गेला आणि युरोपातल्या नामांकित नियतकालिकांपर्यंत धडपणे पोचलाच नाही. जान्सेन आणि लॉकियर यांची नावं इतिहासात गेली. पॉगसनचं तळटीपेत राहिलं.

इथे एक मत नोंदवतो. यात त्याच्यावर अन्याय झाला, असं म्हणणं सोपं आहे. पण पॉगसनला पाहायचा जेवढा सोस होता, तेवढा लिहून पाठवायचा नव्हता, हेही तितकंच खरं आहे. रात्री जागून वेध घ्यायचे म्हटलं की हा तयार. दिवसा बसून त्या आकड्यांचे हिशोब पुरे करायचे, पुस्तक करायचं, छापून पाठवायचं, हे मागे पडायचं. प्रोजेक्ट झालाय, फक्त रिपोर्ट लिहायचा राहिलाय, हे वाक्य कुठल्या कॉलेजच्या कुठल्या वर्गात ऐकू येत नाही?

आणि तरीही वेळ आली की हा माणूस कसा होता, ते 1872 मध्ये दिसलं. बिएला नावाचा एक धूमकेतू 1846 मध्ये दोन तुकडे झालेला दिसला, 1852 मध्ये ते दोन्ही तुकडे परतले आणि नंतर बेपत्ता झाले. 27 नोव्हेंबर 1872 च्या रात्री देवयानी तारकासमूहाच्या दिशेने प्रचंड उल्कावर्षाव झाला. त्या उल्का बिएलाच्याच मार्गावरच्या होत्या. जर्मनीतल्या ग्योटिंगनच्या क्लिंकरफ्युस या खगोलशास्त्रज्ञाने तर्क लढवला की धूमकेतू पृथ्वीला घासून गेला असेल, तर तो आता आकाशाच्या बरोबर उलट बाजूला, दक्षिणेत दिसायला हवा. जर्मनीतून ती बाजू दिसत नाही. मद्रासहून दिसते. त्याने 30 नोव्हेंबरला पॉगसनला तार केली आणि नरतुरंगातल्या एका ताऱ्याजवळ शोधायला सांगितलं.

मद्रासला ढग होते. ढगांना थोडी फट पडली तसा पॉगसन दुर्बिणीला डोळा लावून बसला आणि सांगितलेल्या जागेच्या आसपास त्याला खरंच एक धूमकेतू सापडला. दोन पहाटे त्याने त्याच्या जागा मोजल्या. मग पुन्हा ढग आले. नंतर तो कुणालाही दिसला नाही. पुढे गणितं झाली तेव्हा कळलं की तो बिएला नव्हताच, दुसराच कुठला तरी धूमकेतू योगायोगाने त्या बाजूला होता. जगात तो पाहिलेला माणूस एकच. तार मिळाल्यावर ढग आहेत म्हणून तो झोपी गेला असता तर कुणी नावही ठेवलं नसतं.

आयसिस

मद्रासच्या हवेने घरावर घाला घातला. बायको एलिझाबेथ 1869 मध्ये वारली. मुलांचा मोठा संसार मागे राहिला. मोठ्या मुलीने, आयसिसने, घर सांभाळायला घेतलं. त्याबरोबर ती वडिलांच्या वेधशाळेतही शिरली. 1873 पासून ती तिथे रीतसर सहायक होती. वेध, हिशोब, हवामानाच्या नोंदी, सगळं. 1881 नंतर मद्रास सरकारच्या हवामान खात्याचं कामही तिच्याकडे आलं. तिने ही नोकरी एकूण 25 वर्षं केली.

1886 मध्ये पॉगसनने तिचं नाव रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या फेलोपदासाठी सुचवलं. कामाबद्दल प्रश्न नव्हता. प्रश्न होता व्याकरणाचा. सोसायटीच्या सनदेत फेलोचा उल्लेख सगळीकडे पुल्लिंगी सर्वनामाने केलेला होता. वकिलांचं मत पडलं की यात स्त्री बसत नाही. अर्ज मागे घ्यावा लागला. रघुनाथाचारींना आत घेताना खंड आड आला नव्हता, रंगही नाही. आयसिसला एका सर्वनामाने अडवलं.

तिला ते फेलोपद मिळालं 1920 मध्ये. तोवर ती सत्तरीच्या जवळ पोचली होती, नोकरी संपून दोन दशकं झाली होती आणि ज्याने अर्ज भरला तो बाप जाऊन 29 वर्षं. मला पॉगसनच्या आयुष्यातली ही एक कृती त्याच्या आठ लघुग्रहांपेक्षा मोठी वाटते. मुलीचं नाव आकाशात असणं कौतुकाचं आहेच, पण ज्या संस्थेत आपल्याला मान आहे तिथे मुलीचं नाव तिच्या कामासाठी पुढे करायला वेगळी हिंमत लागते. तीही अशा काळात, जेव्हा त्याची स्वतःची तिथली पत फार उरलेली नव्हती.

कारण न छापलेल्या वेधांचा ढीग आता डोक्याएवढा झाला होता. 1862 मध्ये बसवलेल्या उपकरणाने त्याने आणि त्याच्या माणसांनी 5303 ताऱ्यांच्या जागा पुन्हा पुन्हा मोजल्या होत्या. इंग्लंडमधल्या वरिष्ठांचं म्हणणं होतं की नवीन काही नको, आधीचं पूर्ण करा. 1887 मध्ये ते वेध थांबले आणि छपाई सुरू झाली. तेव्हा पॉगसन 58 वर्षांचा होता. मधल्या काळात 1883 मध्ये त्याने दुसरं लग्न केलं होतं आणि 1885 च्या फेब्रुवारीत शेवटचा लघुग्रह, व्हेरा, शोधला होता.

23 जून 1891 ला तो मद्रासलाच वारला. तीस वर्षांपूर्वी बोटीतून उतरला तेव्हापासूनची सगळी वर्षं त्याने एकाच वेधशाळेत काढली. उरलेले ताऱ्यांचे खंड त्याच्यानंतर आलेल्या मायकी स्मिथने पुरे करून प्रसिद्ध केले. ती वेधशाळाही फार टिकली नाही. खगोलाचं काम 1899 मध्ये कोडाईकनालच्या डोंगरावर गेलं.

भारतातून पुढचा नवा लघुग्रह सापडायला 103 वर्षं गेली. 1988 च्या फेब्रुवारीत तमिळनाडूतल्याच कावलूर वेधशाळेतून आर. राजमोहन यांना तो सापडला आणि त्याला गणितज्ञ रामानुजन यांचं नाव मिळालं. आता तर कॉलेजची पोरंही लॅपटॉपवर मोठ्या दुर्बिणींचे फोटो पाहून लघुग्रह हुडकणाऱ्या आंतरराष्ट्रीय मोहिमांत भाग घेतात. पद्धत तीच, पॉगसनचीच. तोच तुकडा पुन्हा पाहायचा आणि काय सरकलं ते बघायचं.

सुरुवातीला सांगितलेला तो आठ किलोमीटरचा दगड स्वित्झर्लंडच्या पाउल विल्ड यांना 1968 मध्ये सापडला. तारीख होती 17 एप्रिल, आशिया सापडल्याची तीच तारीख, 107 वर्षांनंतरची.

2007 मध्ये त्या दगडाला एक चंद्र असल्याचं कळलं. अडीचेक किलोमीटरचा असावा, साधारण एका दिवसात पॉगसनभोवती फेरी मारतो. तो चंद्र दुर्बिणीतून वेगळा असा दिसला नव्हता. निरीक्षक रात्रीमागून रात्री फक्त लघुग्रहाचं तेज मोजत होते. ते ठरावीक वेळाने किंचित कमी व्हायचं, एकदा पॉगसन चंद्राला झाकायचा तेव्हा आणि एकदा चंद्र त्याच्यापुढून जायचा तेव्हा. तेज किती कमी झालं, ते त्यांनी प्रतीच्या दशांशांत लिहून ठेवलं, 2.512 च्या हिशोबाने.